मोठे मास्तर बिगारीत

अनंतराव,

परवा शाळेत तुमची शोकसभा झाली. तुमचा फोटो कुणाजवळ नव्हता, म्हणून तुमची खुर्ची मधोमध मांडली होती. तिच्या पाठीला झेंडूचा हार, पुढे उदबत्ती. त्या खुर्चीत तुम्ही बसलेले मी एकदाही पाहिले नाही. इतकी वर्षे तिच्यावर बिगारीतल्या पोरांच्या पाट्या असत, आणि पावसाळ्यात ओली इरली वाळत असत. हार तिच्या लाकडाला टोचून बसला होता आणि लोक तिला नमस्कार करत होते. तुम्ही असता तर हसू आवरायला बाहेर पडवीत गेला असता.

गावची मंडळी बोलली, स्टेशनाजवळचे किराणावाले शेठ बोलले. सर्वांचे म्हणणे एकच. मास्तर देवमाणूस, स्वभावाने मऊ, लहान मुलांत रमणारे. वरचे वर्ग त्यांना झेपले नाहीत, पण तिथे हरिभाऊ गुरुजी, म्हणजे मी, खंबीर होते, म्हणून शाळेचे नाव झाले. मग मला उभे केले. "अनंतराव गेले, शाळा पोरकी झाली," एवढे म्हणून मी खाली बसलो. 'झेपले नाहीत' या शब्दांवर मी काही बोललो नाही. ते शब्द माझे होते.

सभा पांगल्यावर जानकीने मला पडवीत गाठले. आपली जानकी, जी आता तुमच्या जागी बिगारीचा वर्ग घेते. डोळे रडून सुजलेले, पण आवाज तोच, सरळ अंगावर येणारा.

"गुरुजी, तुम्ही उत्तर दिलं न्हाय."

"कसलं उत्तर?"

"शेजाऱ्यानं उत्तर द्यायचं असतं. इसरलात?"

आणि ती निघून गेली. तिचे बोलणे तुम्हाला तिथल्या तिथे कळले असते. गावाला कळणार नाही. म्हणून तुमच्याशी बोलता बोलताच, पण गावाला ऐकू जाईल असे, पहिल्यापासून सांगतो.

तुम्ही गोडदेवला आलात तेव्हा शाळेचा चार्ज माझ्याकडे होता. मी तुमच्याहून वयाने मोठा, नोकरीने जुना, आणि ती जागा मला मिळेल असे धरून चाललेला. तुमची बदली होऊन आली आणि मी किल्ल्यांचा जुडगा तुमच्या हातात दिला. तो देताना मी तुमच्याकडे पाहिले नव्हते, हे तुमच्या लक्षात आले असणार.

माझ्या हाताखाली शाळा शांत होती. रस्त्याने जाणाऱ्याला आत मुले आहेत हे कळू नये, इतकी शांत. मला त्या शांततेचा अभिमान होता. दिपोटी, म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब, तिच्याबद्दल मला शाबासकी देऊन जात. बिगारीत मुले पडवीभर असत आणि सातवीत एका बाकावर मावत, याकडे त्यांचे लक्ष गेले नाही आणि माझेही. बाकावर उरत ती दुकानदारांची आणि रेल्वेतल्या बाबूंची. आगरी, कोळ्यांची पोरे दुसरीच्या आत गळून जात. ती पळाली की मी चौथीची चार दांडगी मुले पाठवत असे. ती खाडीकाठच्या तिवरांत लपलेल्या पोराला हातपाय धरून उचलून आणत. चिखलाने माखलेले, ओरडणारे पोर दारातून आत येई आणि छडी पाहून गप्प होई. ही माझी शिस्त. शिक्षण म्हणजे हेच, असे मी मानत होतो, आणि मी एकटाच मानत होतो असेही नाही.

तुम्ही पहिल्याच सकाळी वर्ग वाटायला बसलात. रीत सर्वांना ठाऊक होती. सातवी मोठ्या मास्तरांनी घ्यायची, कारण परीक्षेचा निकाल त्यांच्या नावावर लागतो. आणि सर्वांत नव्या मास्तराच्या गळ्यात बिगारी.

"हरिभाऊ, सातवी तुमच्याकडे. पास्कू मास्तर, मधल्या यत्ता तुम्ही सांभाळा. बिगारी आणि पहिली मी घेतो."

तुम्ही चुकून बोललात असे मला वाटले. "बिगारीला कुणीही चालतो, अनंतराव."

"म्हणून तर ती गळते."

पास्कू मास्तर तेव्हा विशीतला, उत्तनकडचा, मनात येईल ते बोलणारा. तो म्हणाला, "मोठे मास्तर, विचार करा हां. पोरं अंगावर मुततात."

"धोतर मी स्वतः धुतो, पास्कू मास्तर. घरच्यांना तोशीस नाही."

गावात ही बातमी दुपारच्या आत पसरली. आमच्याकडे बिगारी म्हणजे बाळवर्ग, आणि बिगारी म्हणजे टोपली उचलणारा मजूरही. मग काय, मिठागरावरच्या मुकादमाने मला वाटेत अडवले. "काय गुरुजी, मोठं मास्तर बिगारी झालं म्हनं! आमच्याकरं टोपली उचलाया पाठवा की."

मी ते तुम्हाला मुद्दाम सांगितले. तुम्हाला लागावे म्हणून सांगितले. तुम्ही मात्र मोठ्याने हसलात. "येतो म्हणावं. पण त्याचा पोरगा शाळेत बसला पाहिजे. तो बसेल तितका वेळ मी टोपली उचलीन."

पोरगा आला. आणि तुम्ही सुट्टीच्या दिवशी खरेच आगरावर जाऊन मिठाची टोपली डोक्यावर घेतलीत. दुसऱ्या खेपेला मुकादमाने स्वतः तुमचा हात धरून टोपली काढून घेतली. हे मला त्यानेच सांगितले, आणि सांगताना तो हसत नव्हता.

मग हजेरीचा प्रकार. माझ्या वेळी नाव पुकारले की 'हजर, गुरुजी' म्हणायचे. कुणी 'हाय' म्हणाले तर मी विचारायचो, "हाय खाल्लीस का रे?" सगळा वर्ग हसे, आणि मग हातावर छडी. 'न्हाय' म्हटले तर दोन. मराठी शुद्ध करण्याचे हे काम मी इमानेइतबारे केले. सातवीच्या वर्गातून मला पडवीतले सारे ऐकू येई, आणि तुमच्या पहिल्या महिन्यातली एक सकाळ मी अजून ऐकतो आहे.

"बाळू?"

कुणी बोलले नाही.

"न्हाय," जानकी म्हणाली. पाच-सहा वर्षांची, बाळूच्या शेजारी बसणारी.

"न्हाय, तर मग कुठे हाय?"

"बापाससंगं आगरान गेलाय. त्याची आयस बालंत झालीय. पोरगी झाली. काली हाय."

पोरे खिदळली.

"काळी असू दे. आपल्या शाळेत काळीगोरी सगळी चालतात. पण बाळू कधी येणार?"

"आयस उठली का येल. मी सांगीन त्याला."

आणि तिथल्या तिथे तुम्ही नियम केलात. जो आला नाही त्याचे उत्तर शेजाऱ्याने द्यायचे. नुसते 'न्हाय' म्हणून चालणार नाही, कुठे आहे आणि का आहे तेही सांगायचे. त्या दिवसापासून तुमची हजेरी म्हणजे गावचे वर्तमान झाले. कोणाची होडी फुटली, कोणाला देवी आल्या, कोण मामाकडे नवघरला गेला, कोणाच्या बापाने काल आईला मारले, सगळे त्या पडवीत येई. अर्धा अर्धा तास चाले. आणि ऐकताना मला संताप येई.

मी तुम्हाला सुनावले होते. "अनंतराव, हजेरीतच अर्धा तास. शिकवणार कधी?"

"हे शिकवणंच चाललंय, हरिभाऊ."

"ही अशुद्ध भाषा? तुम्ही स्वतः त्यांच्यासारखं हाय-न्हाय करता! मोठे मास्तर आहात."

"पोर घरून येताना दप्तर आणत नाही, टोपी आणत नाही. जिभेवर आहे तेवढंच घेऊन येतं. तेही दारात काढून ठेवायला लावलं तर आत काय येणार?"

"शुद्ध मराठी येईल."

"येईल. पण आधी पोर तर येऊ द्या."

आपला हा वाद कधी संपला नाही. मी शेवटपर्यंत शुद्धतेच्या बाजूने बोलत राहिलो. आजही मला वाटते की सातवीच्या मुलाला 'नाही' म्हणता आलेच पाहिजे. तुम्हीही ते नाकारले नव्हते. चौथीपर्यंत तुमची मुले दोन्ही बोलू लागत, घरी एक आणि कागदावर दुसरे. मी एक काढून दुसरे घालू पाहत होतो. तुम्ही एकावर दुसरे ठेवलेत.

त्याच वर्षी दिपोटी तपासणीला आले. ते सरळ माझ्या वर्गात शिरले, कारण मोठे मास्तर तिथेच असणार.

"हेडमास्तर तुम्ही?"

"नाही साहेब. ते पडवीत आहेत."

साहेबांनी वाकून पाहिले. तुम्ही जमिनीवर बसला होता, एक शेंबडे पोर मांडीवर, भोवती गोंगाट, आणि तुम्ही साहेब आले म्हणून उठलाही नव्हता, कारण मांडीवरचे पोर झोपले होते.

"बिगारीत? हेडमास्तर? का बरं?"

मला खरे उत्तर ठाऊक होते. पटत नव्हते, पण ठाऊक होते. ते बिगारीला शाळेचे दार मानतात आणि दारात स्वतः उभे राहतात, इतके सांगितले असते तर पुरे होते. मी आवाज खाली आणला. तुमची बाजू सावरतो आहे असा चेहरा केला. आणि म्हणालो, "माणूस फार चांगला आहे, साहेब. वरचे वर्ग तेवढे झेपत नाहीत."

साहेबांनी समजल्यासारखी मान हलवली. त्या वाक्यात शिवी नव्हती. उलट कळवळा होता. शिवी दिली असती तर साहेबांनी चौकशी केली असती, तुम्हाला बोलावले असते, खरेखोटे झाले असते. कळवळ्याची चौकशी कुणी करत नाही. ती तशीच लोकांच्या तोंडी राहते.

मी हे ठरवून केले का? आजही छातीला हात लावून सांगू शकत नाही. किल्ल्यांचा जुडगा मनातून गेला नव्हता, एवढे खरे.

आणि तुम्ही? त्या संध्याकाळी शाळेला कुलूप लावल्यावर तुम्ही नेहमीसारखे पायरीवर बसलात आणि आम्हा दोघा मास्तरांना तुमचा तो रोजचा प्रश्न विचारलात. "आज कोण बोललं नाही?"

हा प्रश्न तुम्ही आल्यापासून विचारत होता. अभ्यास किती झाला, पाढे झाले का, कोणी दंगा केला, यांतले काही नाही. नुसते, आज कोण बोललं नाही. पहिल्यांदा विचारलात तेव्हा मी ऐटीत सांगितले होते, "माझ्या वर्गात कुणीच बोललं नाही. छडी आहे ना." पास्कू मास्तर हसला. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, त्याच आवाजात. तिसऱ्या दिवशीही. मोठे मास्तर म्हणून तुम्ही आम्हाला कधी काही फर्मावल्याचे मला आठवत नाही. विचारायचे आणि थांबायचे, एवढेच. तुमचे ते थांबणे छडीपेक्षा जड होते.

आधी पास्कू मास्तर नावे सांगू लागला. मग मीही, काहीतरी उत्तर असावे म्हणून, दिवसभर मुलांच्या तोंडांकडे बघू लागलो. त्याआधी इतकी वर्षे मी त्यांच्या फक्त पाट्या बघत होतो. बघू लागल्यावर दिसू लागले. एखादा मुलगा आठ-आठ दिवस बोलत नाही, एखादीचे ओठ हलतात पण आवाज येत नाही. मी तुम्हाला नावे सांगे आणि तुम्ही फक्त मान डोलवत. दुसऱ्या दिवशी ते मूल माझ्या मनात राही. एवढ्याने काय होते, असे मला त्या वेळी विचारले असते तर मी म्हणालो असतो, काही नाही.

पोरे उचलून आणणे तुम्ही आल्या दिवशी बंद केलेत. ते बंद झाले आणि पोरे जास्त येऊ लागली. हे गणित मी सातवीच्या कुठल्याही गणितापेक्षा जास्त वेळ सोडवले आहे.

पण माघात मीठ धरू लागले की पडवी निम्मी रिकामी होई. आईबाप आगरात, पोरे त्यांच्या मागे. तुमच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी तुम्हाला म्हणालो, "आता पाठवू का मुलं, उचलून आणायला?" तुम्ही म्हणालात, "चला, आपणच जाऊन येऊ." मला वाटले, तुम्ही आईबापांना चार शब्द सुनावणार. म्हणून आलो.

तो दुपारचा प्रसंग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही, कारण सांगता येईल असे वाटत नव्हते. उन्हाने आगर पेटल्यासारखे पांढरे झाले होते. डोळे उघडवत नव्हते. मिठाच्या ढिगांमधून काळ्या ठिपक्यांसारखी माणसे हलत होती. तुम्ही बांधावर जाऊन उभे राहिलात. कुणाला हाक मारली नाही. हातसुद्धा वर केला नाही. आणि लांबून, पार खाडीच्या कडेच्या वाफ्यातून, एका पोराचा आवाज आला.

"हाय!"

मग दुसरीकडून, "हाय!" मग मधल्या बांधावरून बाळू, डोक्यावर टोपली, "हाय, मास्तर!" मग जानकीची ती चिरकी हाक: "हाय! आनि गोपाल न्हाय, तो पानी आनाया गेलाय!" एकामागून एक, न पुकारता, वाफ्यावाफ्यातून पोरे आपापली हजेरी देत होती. मोठी माणसे काम थांबवून बघत राहिली. तुमची टोपी उन्हात चमकत होती आणि तुम्ही काही म्हणजे काही बोलत नव्हता. मी जन्मभर मुलांना 'हजर' म्हणायला लावले. माझ्यासाठी कुणी मिठागरातून ओरडले नसते. माझ्या अंगावर काटा आला, अनंतराव, आणि त्याच क्षणी मला तुमचा हेवाही वाटला. दोन्ही सांगायला हवे.

परतताना तुम्ही एवढेच म्हणालात, "उद्यापासून शाळा उजाडता भरवू. ऊन चढायच्या आत सुटेल. त्यांचं कामही बुडायला नको." दुसऱ्या दिवशी उजाडता पडवी भरली होती.

अशी वर्षे गेली, आणि लढाई सुरू झाली त्या सुमाराला तुमची पहिली बिगारी माझ्या सातवीत येऊन पोहोचली. सातवी एका बाकावर मावत नव्हती. मला बाक मागवावे लागले. सुरुवातीच्या आठवड्यात मी काळ, काम, वेगाचे गणित फळ्यावर सोडवले, हात झटकले आणि नेहमीसारखा म्हणालो, "समजलं?" हा माझा प्रश्न नव्हता, धडा संपल्याची खूण होती.

"न्हाय, गुरुजी. मना न्हाय समजलं."

जानकी. इतकी मोठी झालेली, कागदावर 'मला समजले नाही' असे स्वच्छ लिहू शकणारी जानकी, घाईत घरच्या शब्दात बोलली होती. माझा हात आपोआप छडीकडे गेला. तेवढ्यात बाळू म्हणाला, "मना पन न्हाय." मग मागून आणखी कुणी.

छडीवरचा हात तसाच राहिला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत एकाही मुलाने मला समजले नाही असे सांगितले नव्हते. मी समजत होतो की सगळ्यांना समजते. मी त्यांच्या तोंडून 'न्हाय' हा शब्द काढून टाकला होता, आणि त्याच्याबरोबर 'न्हाय समजलं' हेही निघून गेले होते. मग ती मुले न समजता गप्प बसत, गप्प बसून नापास होत, आणि नापास झाली की मी म्हणे, यांचे डोकेच नाही. तुम्ही तो शब्द पडवीत सांभाळून ठेवलात, सात वर्षे, आणि पोरांबरोबर माझ्या वर्गात पाठवून दिलात.

मी ते गणित पुन्हा सोडवले. अर्ध्यावर मला दिसले की एक पायरी मी नेहमीच गाळतो. कुणी विचारलेच नव्हते, म्हणून गाळत होतो. त्या वर्षी, अनंतराव, मी प्रथम शिकवले.

मुले ठाण्याला जाऊन परीक्षा देऊन आली. निकाल लागला आणि गाव थक्क झाले. जवळजवळ सगळी पास. आगऱ्यांची, कोळ्यांची, मुकादमाचा पोरगा, जानकी. शेठ धावत आले, "अरे गुरुजी, तमे तो कमाल करी!" देवळापुढे सत्कार ठेवला. माझा. सातवी माझी होती, म्हणजे निकाल माझा. तुम्हाला पुढच्या रांगेत बसवले होते आणि नारळाचे ताट आणायला तुम्हीच उठलात. ते माझ्यापुढे धरून तुम्ही हळूच, मला एकट्याला ऐकू येईल असे म्हणालात, "घ्या हरिभाऊ. सातवी तुम्हालाच झेपते."

तोच शब्द. वर्षानुवर्षे माझ्या पोटात दडवलेला शब्द तुम्ही माझ्या हातात, नारळासोबत ठेवलात. तुमच्या डोळ्यांत राग शोधला, टोमणा शोधला. दोन्ही नव्हते. साधा आनंद होता, पोरे पास झाल्याचा. म्हणजे तुम्हाला ठाऊक होते. कधीपासून? कदाचित त्याच दिवसापासून, कारण पडवीत बसून वर्गातले ऐकू येतेच, जसे मला पडवीतले येई. ठाऊक असून तुम्ही त्या संध्याकाळी पायरीवर बसून मला विचारले होतेत, आज कोण बोललं नाही. ठाऊक असून पुढची सगळी वर्षे सातवी माझ्याच हाती ठेवलीत. एवढे मोठे मन मी नंतर कुठे पाहिले नाही आणि मला त्याची भीती वाटते.

मी शाल पांघरून घेतली. बोललो नाही.

हे इथे संपले असते तर केवळ तुमचामाझा मामला राहिला असता. पण पुढे नवे मास्तर तयार करणाऱ्या शाळेत, पहिला वर्ग कसा चालवावा हे दाखवायला माणूस हवा होता. पास्कू मास्तरने नव्या दिपोटींना तुमचे नाव सांगितले. साहेब म्हणाले, "चांगले आहेत, पण वरचं झेपत नाही असं ऐकून आहे." एका साहेबाकडून दुसऱ्याकडे ते वाक्य वारशासारखे गेले होते. पास्कू मास्तर संतापून माझ्याकडे आला. "गुरुजी, कुठल्या गाढवानं हे पसरवलं असेल हो?"

"कोण जाणे," मी म्हणालो.

तुम्ही तिथे शिकवायला गेला असता तर तुमच्या हाताखालून किती मास्तर बाहेर पडले असते, ते कुठकुठल्या गावांत पडवीत जाऊन बसले असते, याचा हिशेब कुणाला करता येईल? तुमची रीत आपल्या एका शाळेबाहेर गेली नाही. खाडीच्या पलीकडे आजही पोरे हातपाय धरून उचलून आणत असतील. ती माझ्या एका हळू आवाजातल्या वाक्यामुळे. तुमचे नुकसान तुम्ही हसून सोडलेत. त्यांचे सोडायचा अधिकार तुम्हालाही नव्हता, आणि याच एका गोष्टीसाठी मी तुमच्यावर रागावलो आहे. तुम्ही मला एकदा तरी जाब विचारायला हवा होता.

तुमची छाती भरली, अंथरूण धरलेत, तेव्हा मी सांगायचे ठरवूनच आलो होतो. वहिनींनी चहा दिला. तुम्ही बाळूचे विचारलेत, पास्कू मास्तरचे विचारलेत. दोन वाक्यांत दम लागत होता. दिवे लावायची वेळ झाली, मी उठायला लागलो. तेव्हा तुम्ही माझ्या धोतराचा सोगा धरलात आणि विचारलेत, "हरिभाऊ, आज कोण बोललं नाही?"

मला निवृत्त होऊन वर्षे झाली होती. मला वर्ग नव्हता, मुले नव्हती. त्या खोलीत आपण दोघेच होतो.

मी हसलो. म्हणालो, "आज सगळे बोलले."

"बरं झालं," तुम्ही म्हणालात, आणि सोगा सोडलात. तुम्हाला पटले की नाही, हे मला कळले नाही. आठवड्याने तुम्ही गेलात.

काल सकाळी मी शाळेत जाऊन पडवीच्या कडेला बसलो. जानकी जमिनीवर बसून हजेरी घेत होती. एका नावाला कुणी बोलले नाही. शेजारची चिमुरडी उभी राहिली. "न्हाय, बाय. त्याला ताप हाय. पन त्यानं सांगितलंय का मी न्हाय, असं सांग." जानकी हसली, मग माझ्याकडे पाहून थांबली. तुमच्यासारखीच थांबली. मी तिला म्हणालो, "शनिवारी सगळ्यांना परत बोलाव. दिपोटींनाही निरोप धाड. मी उत्तर देणार आहे." हे सगळे मी त्या दिवशी त्यांच्यासमोर बोलेन. पण ते आधी तुम्हाला सांगायला हवे होते.

तुमची खुर्ची मी पुन्हा पाट्यांसाठी मोकळी करायला सांगितली आहे. हार वाळला होता.

आणि तुमचा प्रश्न. आज कोण बोललं नाही? मी. तुम्ही 'का?' असे कधी विचारत नसा, नुसते थांबत असा. थांबलाच असाल, म्हणून कारणही सांगतो. शुद्ध भाषेत ते मला नीट सांगता येत नाही, अनंतराव. मोठा मास्तर कुणाला म्हणतात, ते मना न्हाय समजलं होतं.